खुळखुळ्याचं नवं रबर

आमच्या गाडीला अख्खी इमारत खुळखुळा म्हणते. नाव कोणी ठेवलं ते माहीत नाही, पण ठेवणाऱ्याचं चुकलं नाही. चारही दारांच्या काचा आपापल्या खाचेत अशा वाजायच्या, की बाबा गल्लीच्या तोंडाशी वळले की तिसऱ्या मजल्यावर आई चहाचं आधण ठेवायची. गाडी माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची. काचांच्या कडेचं रबर वाळून, आक्रसून, जागोजागी तुटलं होतं. वरून बघितलं तर उंदरांची पंगत उठल्यासारखं दिसायचं.

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात तो माझ्या एकटीच्याच वाट्याला आला. आईबाबा दोघंही मऊ. इतके मऊ, की कधीकधी त्याचाच राग येतो.

बाबा बाटल्यांच्या कारखान्यात फिटर होते. जन्मभर बाटल्यांच्या खणखणाटात उभे राहिले आणि त्यातून मशीनचं दुखणं कानाने ओळखायला शिकले. त्यांच्याकडे हातभर लांबीचा एक स्क्रू-ड्रायव्हर आहे. त्याचं टोक मशीनला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "मागचं बेअरिंग. उद्यापर्यंत टिकेल, परवा नाही." परवा ते जायचंच. कुठलाही आवाज असो, त्याला पत्ता असतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. आमच्या घरात पंखा कुरकुरला की भाऊ आणि मी ओरडायचो, "बाबा, पत्ता शोधा!"

आई सोफ्यांची कव्हरं आणि उशा शिवते. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन आहे आणि खोलीत कायम कोणाच्या ना कोणाच्या तरी सोफ्याचे कपडे उतरवून ठेवलेले असतात. बाबा पाळीवर असताना आम्हाला शाळेत सोडायला तीच गाडी चालवायची, आणि छान चालवायची. बाबा निवृत्त झाल्यावर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. "त्यांना काहीतरी हवं ना हातात," ती म्हणाली होती.

दर रविवारी संध्याकाळी दोघं तलावापर्यंत गाडीतून जाऊन येतात. ही पद्धत आमच्या लहानपणापासूनची. घरात एकजण पाळीवरून आलेला आणि एकजण मशीनवर वाकलेली, बोलणार कधी? म्हणून आमच्या घरची संसद चार चाकांवर भरायची. आम्ही दोघं मागे झोपेचं सोंग घेऊन पडायचो आणि पुढच्या दोन सीटांमध्ये सगळं ठरायचं. भावाला वसतिगृहात ठेवायचं की नाही, माझं लग्न मी म्हणते त्याच्याशी लावायचं की नाही, सगळं. (माझ्या वेळी चार रविवार लागले. त्या महिन्यात मी मागच्या सीटवर इतकी झोपले, की घरी आल्यावर झोप लागायची नाही.)

मी आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, पण बहुतेक रविवारी येते. मध्यंतरी एका रविवारी त्यांच्याबरोबर तलावावर गेले तेव्हा मला धक्काच बसला. जाताना एक शब्द नाही, येताना एक शब्द नाही. दोघं सरळ समोर बघत बसलेले आणि आमच्या वतीने काचा बोलत होत्या. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

शेवटी मी आईला गाठलं. ती उशीच्या कडेला पायपिंग लावत होती आणि मधूनमधून डावा खांदा दाबत होती.

"तुमचं भांडण झालंय का?" मी विचारलं.

"आमचं? आम्हाला कुठे येतं भांडता," ती म्हणाली. "त्या खडखडाटात काय बोलायचं गं? घसा बसतो."

"म्हणून एकदम मूग गिळून बसायचं?"

तिने सुई थांबवली. "एक गोष्ट विचारली होती मी त्यांना, मागच्या वर्षी. गाडीतच. गप्प बसले. म्हणजे नाही. मग पुढे काही विचारावंसं वाटलं नाही."

इथे आमच्या घरचा कायदा सांगायला हवा. जगात मौन म्हणजे संमती म्हणतात. आमच्या घरात मौन म्हणजे नकार. कायदा बाबांचाच. दिवसभर खणखणाट ऐकून आलेल्या माणसाला घरात वाद नको असायचा, म्हणून आम्ही काही मागितलं आणि द्यायचं नसलं की ते नुसते गप्प बसायचे. आणि एकदा विचारलेलं परत विचारायचं नाही. सहलीला जाऊ? गप्प. झालं, विषय संपला. भाऊ आणि मी यातूनच मोठे झालो आणि आई तर आमच्याही आधीपासून यात मुरलेली.

"काय विचारलं होतंस?" मी म्हटलं.

"काही नाही," आई म्हणाली आणि मशीन चालू केलं.

माझं डोकं फिरलं. माणसांवर रागवावं तर दोघंही गरीब गाय, म्हणून मी तो राग काचांवर काढला. ज्या गाडीत या दोघांनी जन्मभर गप्पा मारल्या त्या गाडीत ते मुके होऊन बसणार, आणि तेही चार हात रबरापायी? मी म्हटलं, रबर कुठे मिळतं ते शोधते आजच.

"शोधायचं काय त्यात," आई म्हणाली. "माळ्यावर आहे की. त्यांनी केव्हाच आणून ठेवलंय."

मी स्टुलावर चढून बघितलं. खरंच होतं. मोठं खोकं, न फोडलेलं, वर चांगली धूळ साठलेली. काचा ज्यात सरकतात ते रबराचे चॅनल, बाहेरच्या काळ्या पट्ट्या, चारी दारांची रबरं, क्लिपांची पुडीसुद्धा. नळ ठिबकायला लागला तर जेवण टाकून उठणारा हा माणूस, आणि त्याने स्वतः आणलेलं रबर माळ्यावर पडून?

"बाबा, हे का नाही लावलं?"

"लावू की," बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले. "थंडी सरू दे. थंडीत रबर कडक होतं."

"उन्हाळ्यात का नाही लावलं?"

"उन्हात ताणतं ते."

"आणि पावसाळ्यात?"

"ओल्यात कोणी दार उघडतं का?"

थोडक्यात, बाबांच्या हिशेबाने रबर बदलायला लायक असा ऋतू देवाने काढलेलाच नव्हता. मी खोकं उचललं आणि सांगितलं, "शनिवारी सकाळी मी येतेय. तुम्ही नाही आलात तर मी एकटी दार उघडेन." ही धमकी होती. मी स्क्रू पिळते तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर काय वेदना उमटतात ते मला माहीत आहे.

शनिवारी मी इमारतीखाली गाडीची काच खाली करून दाराच्या आतल्या पॅडचे स्क्रू काढायला घेतले. बाबा खाली आले, बादली उपडी करून तिच्यावर बसले आणि म्हणाले, "मी नुसता बघणार आहे." काच खालीवर करायचं हँडल मी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायला लागले, तेवढ्यात ते उठले.

"अगं, क्लिप उडेल आणि शेजारच्यांच्या दाढीच्या पाण्यात पडेल! फडकं आण."

त्यांनी हँडलच्या मागे फडक्याची पट्टी घातली आणि दोन्ही टोकं धरून मागेपुढे घासली. क्लिप आपोआप वर आली आणि त्यांच्या तळहातावर पडली. मग काय, बादली तशीच राहिली आणि ते पुढचा सगळा वेळ दारासमोर उकिडवे बसले.

पॅड निघालं. दाराच्या पोटात एक पेन्सिलीचा तुकडा, कंगव्याचे दात आणि हिरव्या कापडाने मढवलेलं एक बटण सापडलं. बटण आईने शिवलेल्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकाच्या उशीचं होतं म्हणे. ते हरवलं म्हणून ती तेव्हा रडली होती. बाबांनी ते शर्टाला पुसलं आणि खिशात टाकलं.

बाहेरची पट्टी काढताना त्यांनी रंगावर आधी चिकटपट्टी लावायला लावली. मग चपटं हत्यार घालून एकेक क्लिप हळूच उचलायची. पट्टी शिळ्या पावाच्या कडेसारखी कडक झाली होती, अर्धी हातातच तुटली. चॅनलमधल्या जुन्या रबराचा तर भुगा निघाला. खाच साबणाच्या पाण्याने धुतली, पुसली, वाळवली. मग नवीन चॅनल बसवायला मी सरसावले.

नवीन रबर हाताला इतकं छान लागतं, की माणसाला ते ओढावंसंच वाटतं. मी एका टोकापासून दाबत, ताणत, सरळ रेषेत बसवत गेले आणि स्वतःवर खूश होऊन मागे सरले. तेवढ्यात आई चहा घेऊन खाली आली. तिने एक नजर टाकली आणि कप बॉनेटवर ठेवला.

"ओढलंस ना?"

"कुठे? सरळ बसवलंय."

"ओढलंयस. पायपिंग ओढून शिवलं की त्या दिवशी झकास दिसतं. दुसऱ्या दिवशी आकसतं आणि उशी तोंड वाकडं करते. काढ ते."

मी मदतीसाठी बाबांकडे बघितलं. बाबांनी चहाचा कप उचलला आणि म्हणाले, "काढ. ती बरोबर बोलतेय."

मग आईने पदर खोचला. आधी दोन्ही कोपरे अंगठ्याने दाबून पक्के केले, मग मधलं रबर थोडं सैल सोडून, कडेकडेने आत ढकलत नेलं. म्हणाली, "त्याला घाई करायची नाही. त्याचं ते बसतं." बाबा हात धरल्यासारखे तिच्या मागे मागे सरकत होते आणि तिने जिथे दाबलं तिथे काच सरकवून बघत होते. आणि मी, जिने धमकी देऊन काम सुरू केलं होतं, ती क्लिपा पुसत बसले. मला फार बरं वाटत होतं. फक्त एवढंच, की वरच्या कोपऱ्याशी हात उंच करताना आई एकदम थांबायची आणि खांदा धरायची. बाबा ते बघायचे आणि काही बोलायचे नाहीत.

दारांच्या रबराला ती म्हणाली, जोड खाली येऊ दे, वर नको. पाणी वरून येतं. चौथ्या दाराला येईपर्यंत दुपार उलटली होती. बाबांनी तो लांब स्क्रू-ड्रायव्हर आणला, टोक दाराच्या पत्र्याला लावलं, मूठ कानाला लावली आणि मला काच खालीवर करायला सांगितली. लहानपणी हे इतक्यांदा बघितलं होतं, की काहीतरी चुकतंय हे लगेच जाणवलं. तेव्हा मूठ डाव्या कानाला असायची, कारण उजव्या हातात पाना असायचा.

"बाबा, तुम्ही कधीपासून उजवे झालात?"

"वय झालं की माणूस सुधारतो," ते म्हणाले आणि डोळे मिटले. मी हसले आणि विसरून गेले.

नवीन रबर जाड असतं. दार नेहमीसारखं लावलं की ते नाक मुरडून परत उघडतं. जोरात लावायला लागलं. वर राहणारे दातांचे डॉक्टर खाली आले, चारही दारं आपटताना बघून म्हणाले, "काका, आता तुम्ही आलात ते काकूंना कळणार कसं?"

"फोन करेन," बाबा म्हणाले. रबर बसावं म्हणून रात्रभर काचा वर आणि दारं बंद ठेवून आम्ही झोपलो.

रविवारी संध्याकाळी निघालो. बाबा स्टिअरिंगवर, आई त्यांच्या डाव्या हाताला, मी आईच्या मागे. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला आणि मला कळेना की काय कमी आहे. मग लक्षात आलं. काहीच वाजत नव्हतं. बाजूने मालट्रक गेला तो पाण्यातून गेल्यासारखा गेला. वळणावर दिवा लावला तर त्याची टिकटिक ऐकू आली. ती टिकटिक या गाडीत आहे हेच मला माहीत नव्हतं.

पुलाच्या अलीकडे आईने घसा साफ केला. ती समोर बघत, अगदी हळू, लहान मुलीसारखी म्हणाली, "अहो, मी शिवणकाम बंद करू का? खांदा आता ऐकत नाही हो."

म्हणजे हे विचारलं होतं मागच्या वर्षी! आणि आमच्या घरात कोणी परत विचारत नाही. तिने विचारलं. मी मागे बसून बाबांच्या उत्तराची वाट बघायला लागले.

बाबांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली आणि खुशीत म्हणाले, "बघितलंत? काही म्हणजे काही ऐकू येत नाही!"

आईने मान खिडकीकडे वळवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा," मी दात चावून म्हटलं. बाबा समोर बघत होते. "बाबा, आई काहीतरी विचारतेय." काही नाही. बंद काचेतून बाहेर बघावं तसे शांत. आता मात्र हद्द झाली, म्हणून मी सीटवरून सरकत त्यांच्या मागे गेले. खांद्याला धरून हलवणारच होते, पण आईसमोर शोभा नको म्हणून दाराच्या बाजूने वाकले आणि दबक्या आवाजात म्हटलं, "बाबा."

"काय गं?" ते लगेच म्हणाले.

मी तशीच वाकून राहिले. मग तो स्क्रू-ड्रायव्हर आठवला. डाव्याचा उजवा झालेला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात, ते आम्ही काल दिवसभर केलं होतं, आणि वर साबणाच्या पाण्याने धुऊन.

"कुठे काय," मी म्हटलं. "छान झालंय म्हटलं."

तलावाशी गाडी लावल्यावर आई काही न बोलता उतरली आणि काठाकाठाने चालायला लागली. मी आणि बाबा गाडीपाशी थांबलो. त्यांनी काच खाली केली, वर केली, परत खाली केली.

"वाजत नाही ना?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही बाबा."

त्यांनी रबराच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पुलाआधी ती काहीतरी बोलली. समोरच्या काचेत तिचे ओठ हललेले दिसले मला."

"मग तसं विचारायचं ना, काय म्हणालीस म्हणून!"

"विचारलं असतं तर कळलं असतं तिला." त्यांनी डाव्या कानावर हात ठेवला, दुखत असल्यासारखा. "त्या बाजूला पट्टा होता कारखान्यात. सगळ्या बाटल्या याच कानावरून जायच्या. मला वाटलं, गाडीच फार वाजते. म्हणून रबर आणलं. आणि आणल्यावर भीती वाटली."

"रबराची?"

"काचा वाजतायत तोवर दोष काचांचा," बाबा म्हणाले. "रबर बदललं आणि तरी ऐकू आलं नाही, तर मग काय बदलायचं?"

मला राग येत नाही अशी वेळ क्वचित येते. तेव्हा नुसतं रडू आलं. हा माणूस कानाने मशीनचं मरण सांगायचा. मी त्यांचा हात धरला. तो काल सगळा दिवस साबणाच्या पाण्यात असल्याने खरखरीत होता.

"तिला सांगू नकोस," ते म्हणाले.

"नाही सांगणार. पण तिला काय वाटतंय ते माहीत आहे का तुम्हाला? तिला वाटतंय, तुम्ही गप्प बसता म्हणजे नाही म्हणता."

"कशाला नाही म्हणतो?"

"ते तिलाच विचारा."

बाबांचा चेहरा उतरला. "कितीदा विचारलंय तिने?"

"आपल्याकडे एकदाच विचारतात. कायदा तुमचाच आहे."

आई काठावरून परत येताना दिसली. बाबांनी गाडीची किल्ली काढून घेतली. मग गाडीला वळसा घालून तिच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि ती जवळ आल्यावर किल्ली पुढे केली.

"तू चालव."

"मी? का? बरं नाही का वाटत?"

"या कानाने ऐकू येत नाही मला," बाबा म्हणाले. एका दमात म्हणाले, बुडी मारल्यासारखं. "डाव्या. तू इकडे बसलीस की कळत नाही तू काय बोलतेस ते. तिकडे बसून चालवलंस तर माझा चांगला कान तुझ्याकडे येईल."

आईने किल्ली हातात घेतली.

"कधीपासून?"

"दोनेक वर्षं. आता जास्त."

"आणि मी इथे वर्षभर..." आईचा आवाज चढला. माझ्या आईचा आवाज! पलीकडे बाकावर बसलेल्या जोडप्याने वळून बघितलं. "मला वाटलं तुम्ही नको म्हणताय! खांदा गळून पडला तरी शिवत बसले मी!"

"काय शिवत? अगं, विचारलंस काय ते तरी सांग!"

आई गर्रकन वळून त्यांच्या उजव्या बाजूला गेली, कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "मी शिवणकाम बंद करू का?"

"कर की!" बाबा ओरडलेच. "मी कशाला नको म्हणू? रोज बघतोय तुझा खांदा. मला वाटलं, मशीन हा तुझा जीव आहे, बंद कर म्हटलं तर तुला लागेल. म्हणून बोललो नाही."

"म्हणजे तुम्हीही गप्प!"

"मीही गप्प."

मग बाबांनी खिशात हात घातला, ते हिरवं बटण काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. "दारात सापडलं काल. शेवटच्या उशीला लाव."

आईने बटण मुठीत दाबलं, डोळे पुसले आणि पलीकडे जाऊन स्टिअरिंगवर बसली. सीट पुढे घेतली, आरसा तिच्या उंचीचा केला. जणू आत्ताच आम्हाला शाळेत सोडून आली होती. बाबा तिच्या डाव्या हाताला बसले आणि दार हळूच ओढलं. दार परत उघडलं.

"जोरात लावा," आई म्हणाली. "आणि उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचंय."

बाबा गप्प.

"गप्प बसलात तर मी हो समजेन," आई म्हणाली. "कायदा बदललाय आजपासून."

बाबांनी दार आपटलं. मी मागच्या दाराला हात घातला, तर आईने खिडकीतून मान बाहेर काढली.

"तू बसने ये गं. आम्हाला बोलायचंय."

"आई! रबर बदलायचं मी काढलं!"

"हो, शहाणी माझी ती. ये बसने." आणि बाबांकडे वळून म्हणाली, "तुमची काच वर घ्या."

दोन्ही काचा वर गेल्या, मऊ, कुठेही न अडखळता. गाडी वळली आणि माझ्या समोरून हळूहळू निघाली. आत दोघंही एकाच वेळी बोलत होते. आईचा एक हात स्टिअरिंगवर होता आणि दुसरा हवेत, बाबा मान तिच्याकडे वळवून हसत होते, मध्येच काहीतरी नाही नाही म्हणत होते. एका वर्षाचं साठलेलं होतं, तलावापासून घरापर्यंत काही ते संपणार नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून, अगदी लहानपणी मागच्या सीटवर लावायचे तसे, कान लावून ऐकलं.

काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.